दोन जे. ओटिएनो

पहिल्या वर्षी तीन विद्यापीठं, एकसष्ट नावं.
पडद्यावर एकसष्ट ठिपके.
जाळं कसलं,
तांदूळ निवडून झाल्यावर ताटाच्या कडेला उरतात ते खडे.

सरोवराच्या काठाकाठाने हिंडले,
मटाटूत मांडीवर लॅपटॉप, पायाशी कुणाची तरी कोंबडी.
किसुमू, मग घाट चढून केरिचो, पुढे एल्डोरेट.
सगळीकडे एकच वाक्य:
तुम्ही काय शोधताय, तेवढंच मला लिहून हवंय.

प्राध्यापक ओगुटु म्हणाले, "ज्याला गरज आहे त्याला मी ठाऊक आहे,"
आणि दाराकडे बघितलं.
चेपकेमोईबाईंनी चहा दिला, दूध जास्त, साखर त्याहून जास्त,
मग ब्याण्णव सालापासूनचे निबंध
पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढून माझ्या मांडीवर ठेवले,
झुरळांच्या अंड्यांसकट.
"हे कुणी मागायला येईल असं वाटलं नव्हतं."

एका ठिकाणी तर एकाच मजल्यावर दोघं.
हा सरोवरातली जलपर्णी तोलतो,
तो तिच्यापासून गॅस काढतो.
मध्ये एक विटांची भिंत, आणि नऊ वर्षं.
चहाची खोली वेगळी, एवढंच कारण.
याचा निरोप राजधानीतल्या सर्व्हरवर गेला
आणि तिथून भिंतीपलीकडे आला.
काखेत कळसा, नैरोबीला वळसा.

आमच्याकडे नाव वेळ पाहून ठेवतात.
रात्री झाला तो ओटिएनो, भर उन्हात तो ओचिएंग.
मी कापणीत झाले, म्हणून अकेयो.
यंत्राला वेळ कळत नाही, आद्याक्षर कळतं.
जे. ओटिएनो नावाची अकरा माणसं,
अकराही जणांच्या (किंवा त्यांच्या बापांच्या)
आया रात्रभर कळा सोसलेल्या,
आणि यंत्र अदबीने विचारतं:
हे सगळे एकच का?

एका मंगळवारी मी दमले होते.
दोघांच्या बाबतीत 'होय' दाबलं.

जोसेफ ओमेना मोजतो,
अमावास्येला कंदील लावून धरतात ती बोटभर चांदी.
जॅसिंटा मोजते
गरोदर बायकांच्या रक्तातलं लोह.
चार महिने एक माणूस जगला जो जन्मलाच नव्हता,
अर्धा कोळी, अर्धी सुईण,
नावावर त्र्याहत्तर निबंध.
कुलगुरूंनी भाषणात त्याचं कौतुक केलं.

मग जॅसिंटाचा फोन:
"बाई, जाळ्याची भोकं केवढी असावीत, असं लोक मला विचारतायत."
आणि जोसेफचा, जरा दबकत:
"एका मुलीने लिहिलंय. सहावा महिना. चक्कर येते. काय खाऊ?"

माफी मागितली. संध्याकाळभर बसून
एकेक निबंध सोडवला,
गुंतलेल्या केसांतून कंगवा न्यावा तसा.
पण जोसेफने त्या मुलीला उत्तर देऊन टाकलं होतं:
ओमेना खा. वाळवून, कुटून, उगालीवर घालून.
बरोबर सांगितलं ना, हे विचारायला
त्याने जॅसिंटाचा नंबर माझ्याकडे मागितला.
ती म्हणाली, "माहीत नाही. मोजावं लागेल."

आता सतरा विद्यापीठं. चार हजारांवर ठिपके.
'वाढ' या रकान्यात मी आकडा लिहिते,
'कारण' या रकान्यात प्रशिक्षण, जनजागृती वगैरे.
माझा ठिपका नाही.
यादीत प्राध्यापक आहे, व्याख्याता आहे, विद्यार्थी आहे,
ग्रंथपाल हा पर्याय कुणी घातलेला नाही.
तो मी घालू शकते. अजून घातला नाही.

ओगुटुसरांचा काल फोन आला,
त्यांच्या नावाच्या शेवटी यू आहे, ओ नव्हे, एवढं सांगायला.

आणि वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं,
आत कुटलेली मासळी, वर दोन वेगळ्या हस्ताक्षरांत
तेच नाव.
घरी नेताना मटाटूत शेजारची बाई
नाकाला पदर लावून सरकून बसली.
मी पुडकं मांडीवर घेतलं, लॅपटॉप पायाशी.